कोरडी जागा

दर गुरुवारी दुपारी मी किलमोराच्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलाशी बसते आणि आलेल्या माणसांना त्यांचे पणजोबा कुठं शोधायचे ते सांगते. पगार नाही, चहा मिळतो, बिस्किटं मिळाली तर नशीब. माझा भाऊ फिंटन मला भुतांची मास्तरीण म्हणतो. म्हणू दे बापडा. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला कुणाला तरी दटावल्याशिवाय जेवण पचत नाही, आणि अमेरिकेहून आलेली माणसं दटावून घ्यायला एका पायावर तयार असतात.

ती येतात ती बहुतेक एखाद्या पैसेवाल्या साइटवरून छापून आणलेला वंशवृक्ष काखेत मारून. वृक्षाच्या मुळाशी हमखास कुणीतरी राजा बसवलेला असतो. मी आधी त्या राजाला खाली उतरवते. दुसऱ्याच्या झाडावरून उतरवून घेतलेलं झाड म्हणजे नुसती अफवा, असं तोंडावर सांगते. मग फुकटात काय काय मिळतं ते दाखवते. १९०१ आणि १९११ची शिरगणती दाखवते, पण १९११च्या वयांवर विश्वास ठेवू नका म्हणून बजावते, कारण मधल्या काळात म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू झाली आणि वय वाढवून सांगत आख्खा देश दहा वर्षांत वीस वर्षांनी म्हातारा झाला. सरकारच्या साइटवर जन्म-मृत्यू बघा, राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर चर्चच्या जुन्या नोंदींची पानं बघा, आणि हे सगळं संपल्याशिवाय कुणाला एक पै देऊ नका.

आणि नावं बघा, हे तर मी टेबलावर बोट आपटून सांगते. आमच्याकडे पहिला मुलगा आजोबांचं नाव घेतो, बापाच्या बापाचं. मुलांमध्ये ते नाव कुठंच दिसत नसेल तर तुमच्या हातून एक मूल सुटलेलं आहे, परत जा आणि शोधा. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की झोपेतही बोलेन.

त्या गुरुवारी शेवटचं गिऱ्हाईक, ओहायोचा एक दंतवैद्य, आपला राजा गमावून गेला आणि मी पर्स आवरायला लागले, तेवढ्यात दारातून आई आत आली. माझी आई होनोरा चौऱ्याऐंशीची आहे. ती नॉकरोला आमच्या जुन्या घरी राहते, आणि सहा महिन्यांपासून फिंटनही तिथंच आहे. तीस वर्षं ऑस्ट्रेलियात काढून तो परतलाय आणि आईच्या मागच्या शेतात स्वतःचं घर बांधायचं म्हणतोय. आईला कुठं जायचं असलं की तो गाडीनं नेतो. ती आज एकटी बसनं आली होती. अंगात चर्चला घालायचा रविवारचा कोट होता आणि त्याची बटणं एक घर चुकवून लावलेली होती. माझ्या आईची बटणं कधी चुकत नाहीत.

ती माझ्या समोरच्या खुर्चीत बसली, गिऱ्हाईक बसतं तशी, पर्स मांडीवर धरून. मी विचारलं काय झालं, बरं वाटत नाही का, फिंटन कुठंय. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. हनुवटीनं कॉम्प्युटर दाखवला.

"यातलं कुठलं गं, बाप्तिस्मा न झालेल्यांचं सांगतं?"

मला वाटलं, म्हातारपणानं डोकं फिरलं हिचं. तरी मास्तरकीच्या सवयीनं मी विचारलं, कुणाचा बाप्तिस्मा झाला नव्हता. एका मुलाचा, ती म्हणाली. कुणाचा मुलगा, मी विचारलं. ग्रंथपाल बाई लांब पलीकडे पुस्तकं लावत होत्या, त्यांच्याकडे आईनं एकदा वळून बघितलं.

"माझा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं, खाली पर्सच्या कडीकडे बघत, आवाज न चढवता. फिंटनच्या आधी एक मुलगा झाला होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात. तो रडलाच नाही. सुईणीनं पाण्याच्या वाटीला हात घातला तोवर उशीर झाला होता, आणि गेलेल्या बाळाला बाप्तिस्मा देता येत नाही. ज्याला बाप्तिस्मा नाही त्याला चर्चच्या पवित्र जमिनीत जागा नाही. तेव्हा असंच होतं. माझ्या बाबांनी त्याला साबणाच्या लाकडी खोक्यात ठेवलं, फावडं घेतलं आणि दिवेलागणीनंतर ते एकटेच बाहेर पडले. आईनं बरोबर जायचं नसतं. कुठं नेलं ते आईला सांगायचं नसतं, नाहीतर ती तिथं जाऊन बसते आणि पुढची मुलं धड होत नाहीत, अशी समजूत. शेजारीण चुलीवर बटाटे शिजवत होती आणि बटाटे शिजायच्या आत बाबा परत आले.

"मी एकदाच विचारलं कोलमनला, कुठं ठेवलास म्हणून. कोरड्या जागी आहे, एवढंच म्हणाला. पुढं जन्मात मी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही."

माझे बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. मला साठी लागेल. मला एक थोरला भाऊ होता हे मला त्या टेबलाशी कळलं, जिथं बसून मी लोकांना त्यांची माणसं शोधून देते. मला रडू यायला हवं होतं, पण भीती वाटायला लागली, कारण आईचं बोलणं संपलेलं नव्हतं.

आमच्या मागच्या शेतात पाणी धरतं. सगळीकडे लव्हाळे, गाय आत गेली की गुडघ्यापर्यंत रुतते. फक्त वरच्या कोपऱ्यात, बांधालगत, एक उंचवटा आहे. बाबा तिथं गवत कापत नसत, दगडांनी विळ्याची धार जाते म्हणत. आता घर बांधायचं तर सेप्टिक टँक हवा, टँकचं पाणी जिरवायला शोषखड्डा हवा आणि शोषखड्ड्याला जमीन कोरडी हवी, त्याशिवाय परवानगी नाही. वसंतात इंजिनिअर आला होता. त्या उंचवट्यापाशी जेसीबीनं चाचणीचा खड्डा खणला तेव्हा आईनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघितलं होतं. फिंटन स्वतः मोजमापाची फीत धरून उभा होता. तेव्हाच तिच्या मनात कसंसंच झालं, पण तिनं ते मनातच दाबलं. मग गेल्या आठवड्यात फिंटननं चहाच्या वेळी इंजिनिअरचा अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला. सगळ्या शेतात कोरडी जागा तेवढी एकच, असं त्यात होतं.

"तो शब्द ऐकला आणि माझ्या हातातली किटली सुटली," आई म्हणाली. "तो म्हणाला, आई, लक्ष कुठंय तुझं."

सोमवारी टी.जे. जेसीबी घेऊन येणार होता. टी.जे. आमच्या गावातलाच, सगळ्यांचे पाये तोच खणतो. खुंट्या ठोकून झालेल्या होत्या.

मी म्हटलं, अगं मग फिंटनला सांगितलं का नाहीस. थांबव म्हणावं.

"काय सांगू त्याला? वसंतात तू तुझ्या भावाला खणून काढलंस का, असं विचारू?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तो फीत धरून उभा होता गं. हसत होता. त्याच्या हातून तसं काही झालं असेल, आणि त्याला ते कळलं, तर तो उरलेला जन्म कसा काढेल? आधी मला कळू दे. ती जागा तीच का दुसरी, तेवढं बघून दे. तुला येतं ना यातलं सगळं."

मला यातलं सगळं येतं. मी कॉम्प्युटर परत सुरू केला आणि माझा पासवर्ड दोनदा चुकवला. मग मी असं काही केलं की माझ्या एखाद्या गिऱ्हाइकानं केलं असतं तर मी त्याला चारचौघांत झापलं असतं. मी आईला विचारलं, नाव काय त्याचं.

"चर्चनं दिलेलं काही नव्हतं," आई म्हणाली.

तरी मी नावांच्याच मागं लागले. जन्मभराची सवय. चर्चच्या नोंदींची पानं १८८० च्या आसपास थांबतात, हे मीच रोज सांगते, तरी मी ती साइट उघडली आणि मग वेड्यासारखी बंद केली. सरकारच्या साइटवर जन्म शंभर वर्षं झाल्याशिवाय दाखवत नाहीत. मृत्यू पन्नासनंतर दिसतात, म्हणून मी ते उघडले. आमचं आडनाव घातलं, १९६३ घातलं. एक म्हातारी मिळाली, एक मोटारीखाली गेलेला माणूस मिळाला. जो श्वासच घेऊन आला नाही त्याची तेव्हा नोंदच होत नसे. थडग्यांच्या दगडांचे फोटो जमवणारी एक साइट आहे, तिथंही काही नव्हतं, कारण दगडावर लिहिणार कोण आणि काय. प्रत्येक वेळी पान उघडलं की आई खुर्चीत मागं सरकायची आणि विचारायची, हे आणखी कोण कोण बघतं. नुसतं मीच, मी सांगायचे. तिला ते खरं वाटत नव्हतं.

शेवटी मी ती पैसेवाली साइटही उघडली. बॉस्टनच्या आमच्या एका चुलत भावानं तिथं आमचं सगळं घराणं टांगून ठेवलंय. वर आजोबा मॅलकी, खाली बाबा कोलमन आणि आई होनोरा, त्यांच्याखाली फिंटन आणि ग्रानिया, म्हणजे मी. फिंटनच्या नावापुढे त्या शहाण्यानं उद्गारचिन्ह घातलेलं. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव दिलं नाही म्हणून बॉस्टनचे काका आईला दर नाताळच्या पत्रातून टोमणे मारायचे, तो राग पुढच्या पिढीतही जिरलेला नाही. आईनं पडद्याजवळ तोंड नेलं आणि बराच वेळ बघितलं.

"दोनच," ती म्हणाली.

माझा धीर तिथं सुटला. माझ्यापाशी होत्या त्या सगळ्या साइट नावांच्या होत्या, आणि हे पोर नावातून आधीच वगळलेलं होतं. मी हात डोक्याला लावून बसले. आई म्हणाली, जाऊ दे, नसेल सांगत ते. आणि ती कोटाचं वरचं बटण चाचपायला लागली, तेव्हा त्या चुकलेल्या बटणांकडे बघता बघता मला सुचलं. माणूस सापडत नसेल तर जागा शोधावी. मी नकाशे विसरले होते.

जुने सरकारी नकाशे फुकट बघता येतात. १८४०च्या सुमाराला सैनिकांच्या तुकड्या मोजणीच्या साखळ्या घेऊन हा देश पायी फिरल्या आणि त्यांनी एकूण एक बांध, विहीर, भट्टी कागदावर आणली. साइटवर आजचा आकाशातून काढलेला फोटो आणि तो नकाशा एकावर एक ठेवता येतो, आणि एक खूण सरकवली की वरचं विरघळून खालचं दिसायला लागतं. मी नॉकरो शोधलं. आईला तिचं घर वरून दिसलं, दोरीवरचे कपडेसुद्धा दिसले. ती म्हणाली, ही चादर तर मी केव्हाच फाडली. मग मागचं शेत, वरचा कोपरा. मी खूण सरकवायच्या आधी थांबले. खरं सांगते, मला सरकवावीशी वाटत नव्हती. तिथं काही नसतं तर आईची भीती आणखी रेंगाळली असती, आणि काही असतं तर त्याहून वाईट.

मी सरकवली. दोरीवरचे कपडे गेले, घर गेलं, रस्ता बारीक झाला. वरच्या कोपऱ्यात, नेमका बांधालगत, ठिपक्यांचा एक छोटा गोल उमटला आणि त्याला चिकटून बारीक अक्षरं होती. मुलांची दफनभूमी.

नंतरच्या नकाशात तिथं काहीच लिहिलेलं नाही. इंजिनिअर बघतो त्या आजच्या नकाशात तर उंचवटासुद्धा नाही. म्हणजे कुणाला दोष द्यायचा ती सोयही नाही. बाबांनी नवी जागा निवडलेलीच नव्हती. आमच्या गावातले बाप पिढ्यान् पिढ्या जिथं खोकी घेऊन जात होते तिथंच तेही गेले होते, आणि त्यातल्या एकानंही घरी येऊन काही सांगितलं नव्हतं. मी ती अक्षरं आईला वाचून दाखवली. तिनं तोंडावर हात धरला आणि हाताआडून विचारलं, खड्डा कुठं खणला होता मग, त्या गोलाच्या आत का बाहेर. ते नकाशावरून सांगता येत नव्हतं.

तेव्हाच माझा फोन वाजला. फिंटन होता. तो गॉल्वेला टाइल्स बघायला गेला होता, तिथून निघत होता. टी.जे.चा फोन आला, म्हणाला, त्याचं दुसरं काम पुढं गेलं, तो सोमवारऐवजी आत्ताच सुरू करतोय. आई घरचा फोन उचलत नाहीये, जरा बघशील का, का तिला बटाटे सोलताना डुलकी लागलीय. आईनं माझं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की दुखलं. ती मान हलवत होती. मी फिंटनला म्हटलं, ती माझ्याकडे आहे, तू सावकाश ये. मग मी टी.जे.ला फोन लावला. वाजत राहिला. जेसीबीत बसलेल्या माणसाला फोन ऐकू येत नाही.

किलमोरापासून नॉकरो जवळच आहे पण रस्ता असा की समोरून ट्रॅक्टर आला तर माणसानं मागं मागं जात राहायचं. ट्रॅक्टर आलाच. ट्रॅक्टरवाला हात हलवून हवापाण्याच्या गप्पा मारायला काच खाली करत होता, मी कशीबशी त्याच्या बाजूनं गाडी काढली, आरसा झुडपात घासला. आई शेजारी बसून जपमाळेचे मणी ओढत होती, तोंडातून शब्द येत नव्हता. मला एकच दिसत होतं, जेसीबीची बकेट खाली जातेय आणि मातीत लाकडाची फळी वर येतेय. मी स्वतःला दटावत होते, साठ वर्षांत लाकूड उरत नाही. मग वाटलं, लाकूड उरत नाही तर काय उरतं.

शेताच्या फाटकात जेसीबी उभा होता. इंजिन बंद. आत कुणी नव्हतं. मी आईला म्हटलं गाडीतच बस. ती तोवर उतरलीही होती. वर कोपऱ्यात, उंचवट्यापाशी, टी.जे. पाठमोरा उभा होता आणि घणानं जमिनीत काहीतरी ठोकत होता. एक घाव, मग दुसरा. प्रत्येक घावाला आई जागच्या जागी दचकत होती. मी ओरडले. आवाज बाहेर आला की नाही कोण जाणे. मी लव्हाळ्यांतून पळायला लागले, एक बूट चिखलात राहिला, हातात फोन, फोनवर तो जुना नकाशा आणि त्यावर मी कुठं आहे ते दाखवणारा निळा ठिपका. ठिपका थरथरत वर सरकत होता, ठिपक्यांच्या त्या गोलाकडे, आणि मी त्याच्यामागून पळत होते.

टी.जे. वळला आणि त्यानं घण पाठीमागं लपवला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, एवढं मोठं पोट, आणि माझ्या वर्गात खिशात बेडूक घेऊन आला होता तेव्हा होता तसाच चेहरा.

"बाई," तो म्हणाला. "तुम्ही आज ग्रंथालयात असता ना?"

मी म्हटलं, घण खाली ठेव. काय करतोयस? त्यानं घण खाली ठेवला. मी त्याच्या पायांशी बघितलं. तो खुंट्या ठोकत होता. इंजिनिअरच्या लाल रंगाच्या खुंट्या उपटून तो खाली ठोकत होता, उंचवट्यापासून दूर, ओल्या जमिनीत. वर गवतात आता मला दगड दिसले. लहान लहान पांढरे दगड, कशावर काही कोरलेलं नाही, बांधालगत वाकड्या ओळीत. मी लहानपणी या शेतात वाढले आणि मी ते नुसते दगड म्हणून बघितले होते.

मी त्याला विचारलं, तुला माहीत होतं? तो मान खाली घालून म्हणाला, त्याचे वडीलसुद्धा एकदा इथं आले होते. मरायच्या आधी हॉस्पिटलात त्याला बोलले, तेही तोंड भिंतीकडे करून. त्याची एक बहीण आहे इथं. फिंटनला कसं सांगणार, त्याला वाटलं, तुमच्या घरात माहीत असेल-नसेल, होनोराबाईंच्या कानावर गेलं तर. म्हणून फिंटन आज गॉल्वेला जाणार असं दुकानात कळल्यावर तो खुंट्या हलवायला आला होता, कुणी नसताना. आज सुरू करतो हा फोन त्यासाठीच, आणि मग कातळ लागला म्हणून सांगणार होता. आमच्या गावात प्रत्येकाला सगळं माहीत असतं आणि जो तो दुसऱ्याला ते माहीत नाही असं धरून चालतो. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली.

पण खरा प्रश्न अजून तसाच होता, आणि तो विचारायची माझी छाती होत नव्हती. आई येऊन पोचली होती. चिखलातून ती कशी आली देव जाणे. कोटाची खालची कड काळी झाली होती. तिनं मला बाजूला केलं.

"टी.जे.," ती म्हणाली. "वसंतात खड्डा खणलास तेव्हा बकेटला काही लागलं का? खरं सांग. मी ऐकून घेईन."

तिचा आवाज साधा होता. मी तिचा दंड धरला. टी.जे.नं टोपी काढली.

"नाही, होनोराबाई. खुंटी तिथं होती, दगडांच्या मधोमध. मी बघितली आणि माझ्या जिवाचं पाणी झालं. इंजिनिअर फोनवर बोलत होता, फिंटन त्याला हसवत होता. मी खाली येऊन खणलं. हे बघा, इथं. दगडांच्या आत मी जेसीबीचं चाकसुद्धा घातलं नाही. आईची शपथ."

तो दाखवत होता तिथं गवताचा एक चौकोन वेगळ्या हिरव्या रंगाचा होता, बुजवलेल्या खड्ड्यावर उगवतं तसा. दगडांपासून चांगला खाली. मी फोन घेऊन त्या चौकोनात उभी राहिले. निळा ठिपका गोलाच्या बाहेर होता. मी पुन्हा बघितलं, फोन हलवून बघितला, दोन पावलं इकडं-तिकडं जाऊन बघितलं. बाहेरच होता. मी आईला सांगितलं, बाहेर आहे. तिनं मान हलवली आणि ती सावकाश ओल्या गवतात खाली बसली, रविवारच्या कोटासकट.

आम्ही तिघं तसेच होतो तेव्हा फिंटनची गाडी फाटकात आली. तो उतरला, हातात टाइलचे दोन नमुने, फाटकातूनच हसत ओरडला, काय भुतांची मास्तरीण, आता शेतात वर्ग भरवलास का. तो वर यायला लागला तशी माझी भीती परत आली. टी.जे. टोपी चुरगळत होता. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की तो खोटं बोलायला तयार आहे, कातळ लागला म्हणायला. मीही तयार होते. आईनं फक्त नजरेनं सांगितलं असतं तर आम्ही दोघं मिळून फिंटनला उरलेला जन्म अंधारात ठेवलं असतं, या शेतात आजवर सगळ्यांनी सगळ्यांना ठेवलं तसं.

आईनं माझा हात धरला आणि उठली. फिंटन जवळ आला, आमचे चेहरे बघून त्याचं हसू गेलं. तो दगडांकडे पाऊल टाकणार तेवढ्यात आईनं माझा हात सोडला आणि त्याच्या छातीवर तळवा ठेवून त्याला थांबवलं.

"थांब. दगडांच्या आत पाय घालू नकोस," ती म्हणाली. "इथं तुझा भाऊ आहे. तुझ्याआधीचा. मॅलकी."

मॅलकी. आजोबांचं नाव. मी जन्मभर टेबलावर बोट आपटून लोकांना सांगितलं, आणि माझ्याच घरातलं ते नाव कुठं गेलं असं मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मला माझी लाज वाटली, आणि मग आईसाठी इतकं वाईट वाटलं की मला तिच्याकडे बघवेना. दर नाताळला ती पत्रं मोठ्यानं वाचून दाखवायची, टोमण्यांसकट, आणि हसायची.

फिंटन टाइलचे नमुने हातात घेऊन उभा होता. त्यानं दगडांकडे बघितलं, खालच्या हिरव्या चौकोनाकडे बघितलं, जिथं तो फीत धरून उभा राहिला होता, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. टी.जे. घाईघाईनं म्हणाला, लागलं नाही काही, खड्डा बाहेर आहे, बाईंनी फोनवर बघितलं. मीही म्हणाले, बाहेर आहे. फिंटनला ते ऐकू गेलं, कारण त्यानं श्वास सोडला.

"म्हणून मला ते नाव दिलं नाहीस," तो आईला म्हणाला. लहान मुलाच्या आवाजात म्हणाला, साठीचा माणूस.

"कुठून देऊ रे," आई म्हणाली. "ते दिलेलं होतं."